हुकुमाची मुदत

"नावाडी अजून तिथेच उभा आहे," मास्तर म्हणाला, आणि माझ्या हातातला फासा हातातच राहिला.

तसं दचकण्यासारखं त्यात काही नव्हतं. शनिवारची दुपार, गाद्यांच्या दुकानावरचा माळा, जिन्यातून वर तरंगत येणारे कापसाचे तंतू, आणि टेबलाभोवती आम्ही नेहमीचे चौघे. नावाडी म्हणजे कुणी खरा माणूस नव्हे. मास्तरने तोंडाने रचलेल्या जगातलं तोंडाने रचलेलं एक मढं. मास्तर एरवी शाळेत भूगोल शिकवतो आणि शनिवारी आमच्यासाठी नद्या, खाणी, राजे, रोगराई असं अख्खं जग चालवतो. आम्ही त्यात एकेक पात्र होऊन हिंडतो. आपण काय करतो ते आपण सांगायचं, जमलं की नाही ते फासे ठरवणार, आणि पुढे काय झालं ते मास्तर सांगणार. नर्स कुऱ्हाड चालवते. खरी नर्स आहे ती, आठवडाभर लोकांना जपते आणि शनिवारी त्यांच्या माना उडवते. जाड्या अंगाने काडी आहे, विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासतो, आणि खेळात चोर आहे. मी उठव्या. म्हणजे मेलेल्यांना उठवून कामाला लावणारा. हा शब्द जाड्याचा. मास्तरने एकदोन भारदस्त शब्द सुचवले होते, पण ते उच्चारेपर्यंत नर्सची कुऱ्हाड कुणाच्या तरी मानेवर बसलेली असायची.

उठव्याचं काम बाहेरून वाटतं तितकं थरारक नाही. मढं उठवणं सोपं, सांभाळणं हा खरा वैताग. उठवल्यावर त्याला एक हुकूम द्यायचा. तो पुरा होईपर्यंत ते दुसरं काही करत नाही. रोज सकाळी, म्हणजे खेळातल्या सकाळी, त्याच्यावरचा ताबा नव्याने बसवायचा. एक सकाळ चुकली की ते जुन्या हुकमावर अडकून राहतं, नवं काही ऐकत नाही. आणि हुकमातून मोकळं केलं तर गुपचूप आडवंही होत नाही; जो जिवंत माणूस सगळ्यांत जवळ असेल त्याच्यावर उलटतं. म्हणून शहाणा उठव्या हुकूम देतानाच त्याला मुदत घालतो; ती भरली की मढं आपोआप आडवं होतं. मास्तरने मला सुरुवातीलाच बजावलं होतं, "मुदतीत स्वतःला घालू नकोस. सूर्य मावळेपर्यंत म्हण, पुराचं पाणी ओसरेपर्यंत म्हण, तू असलास नसलास तरी जे होणारच आहे असं काहीतरी म्हण. 'मी' म्हणायचं नाही. उठव्यांचा काय भरवसा?" आम्ही सगळे हसलो होतो. आणि मग मिठाच्या खाणीत, मागून शत्रू येत असताना, आमच्याच मेलेल्या नावाड्याला उठवून दारात उभं करताना मी घाईघाईत म्हणून गेलो होतो: मी परत येईपर्यंत या दारातून कुणालाही जाऊ देऊ नकोस. मास्तरने तेव्हा फक्त मान वर करून माझ्याकडे पाहिलं होतं. आम्ही खाणीच्या दुसऱ्या तोंडाने बाहेर पडलो. पुढे कधीतरी माझा तो म्हातारा उठव्या एका दलदलीत बुडून मेला, माझ्याच आगाऊपणामुळे. मी आठवडाभर उदास होतो आणि त्याबद्दल या तिघांनी माझी यथेच्छ टिंगल केली. मग मी त्याची शिष्या झालो, डोक्याला रुमाल बांधणारी एक हडकुळी मुलगी, आणि खेळ पुढे गेला. नावाड्याची आठवण कुणालाच राहिली नाही. आज वाट चुकून आम्ही पुन्हा त्याच खाणीच्या तोंडाशी आलो होतो.

"गुडघ्यापर्यंत मीठ चढलंय त्याच्यावर," मास्तर त्याच्या त्या सपाट आवाजात सांगत होता, पर्जन्यछायेचा प्रदेश समजावतात त्या आवाजात. "पायाशी ढीग आहे. आधी पक्षी. मग एक बकरी. मग माणसं. गाठोडी घेतलेली माणसं आहेत, बहुतेक खाणीतून पलीकडे जायला निघालेली. एका बाईच्या हातात कंदील आहे. नावाड्याला डोळे उरलेले नाहीत, पण तोंड ज्या बाजूला तुम्ही गेला होतात त्या बाजूला वळलेलं आहे." "च्यायला," जाड्या म्हणाला, "याला आपण विसरलोच की." नर्सने बिस्किटाचा पुडा पुढे सरकवला. "एवढं काय त्यात. मी डोकं उडवते, आपण आत जाऊ." मला त्या बाईचं वाईट वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. मला नावाड्याच्या मानेचं वाईट वाटलं. इतका काळ एकाच बाजूला वळलेली मान. माझा हात नकळत माझ्या मानेवर गेला. तिथे डावीकडे एक गाठ आहे, कामावरच्या स्टुलावर तिरकं बसून बसून आलेली. तिरकं बसतो, कारण दिव्यासमोर नीट मधोमध खुर्ची आहे ती बाबांची, आणि तिच्यावर मी आजपर्यंत बसलेलो नाही.

आमचं दुकान कवळ्यांचं. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा पाठवतात, त्यात प्लास्टर ओतून आम्ही जबडा उभा करतो, त्यावर मेणात दात बसवतो, मग मेणाची जागा गुलाबी हिरड्यांना देतो, घासतो, चकाकी आणतो. 'आम्ही' ही सवय आहे. तिथे मी एकटाच असतो. भिंतीवर चारी बाजूंनी फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, आ वासलेले. बाबा जबडा कधी टाकायचे नाहीत, माणूस पुन्हा येईल म्हणायचे. त्यातली निम्मी माणसं आता नसतील, पण जबडे आहेत, धूळ खात, आणि मी ते पुसतो. कधीकधी दुपारी काम नसताना वाटतं की हे सगळे एकदम काहीतरी बोलायला तोंड उघडून थांबलेत. पण तो खेळाचा परिणाम असावा. आताशा काम नसतंच. नवे डॉक्टर तोंडात कॅमेरा फिरवतात आणि कुठल्यातरी मोठ्या कारखान्यात यंत्र दात कोरून देतं. मला काम देतात ते दोघे-तिघे म्हातारे डॉक्टर, ज्यांना माझ्याशी फोनवर बाबांबद्दल बोलायला आवडतं.

बाबा गेले तेव्हा मी नकाशे काढायला शिकत होतो. मला ते जमत होतं, अगदी उत्तम जमत होतं. उंचीच्या रेषा काढताना डोंगर कागदातून हाताला लागायचा. बाबांचं ऑपरेशन साधं होतं, पित्ताशयातल्या खड्याचं. सकाळी दवाखान्यात जाण्याआधी ते दुकानाशी थांबले, केस नीट विंचरलेले, हातात पिशवी, बाहेर गाडी थांबलेली म्हणून जरा चिडलेले. अर्धं शटर वर करून मला आत ढकलत म्हणाले, "मी येईपर्यंत दुकान बंद ठेवू नकोस. दोन कवळ्या अर्धवट आहेत." बस्स. त्यात अंतिम इच्छा वगैरे काही नव्हतं. नळ बंद कर, दिवा मालव, तसं ते वाक्य होतं. बरे होऊन आले असते तर त्यांना आठवलंही नसतं. ऑपरेशन छान झालं. मग ताप आला, मग आणखी काहीतरी आलं, आणि बाबा आले नाहीत. त्या दोन कवळ्या मी मला जमतील तशा पुऱ्या केल्या. नंतर आणखी आल्या. मी मनाशी म्हटलं, एवढा महिना काढू. माझं लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी शाळेत जायला लागली, आणि मी त्या महिन्यातून अजून बाहेर आलेलो नाही.

"काय करतेस?" मास्तरने मला विचारलं. खेळात तो मला शिष्या म्हणूनच विचारतो. मी म्हटलं, गुरूचा ताबा शिष्येला घेता येतो का? मास्तरने थोडा विचार केला. येईल, अवघड आहे, पण येईल, फासा टाक. "अरे कशाला नस्ती उठाठेव," नर्स म्हणाली, "एक घाव घालते ना मी." मी म्हटलं, थांब. माझा आवाज जरा जास्तच चढला असावा, कारण जाड्याने चावायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी फासा टाकला. चांगला पडला. "नावाड्याची मान हलते," मास्तर म्हणाला, "मीठ सांडतं. तो तुझ्याकडे वळलाय. आता तुझा हुकूम ऐकेल. सांग." आणि तिघंही माझ्या तोंडाकडे बघत बसले. खाली दुकानात कुणीतरी गादीवर काठी आपटत होतं, धप्, धप्. शेवटी मी म्हटलं, "त्याला म्हणते, जा." "कुठे?" "घरी." मास्तरने मान हलवली. "तो हलत नाही. त्याला घर ठाऊक नाही. त्याला हे दार ठाऊक आहे." जाड्या खो खो हसला.

आई रोज सकाळी दारात येते. मी बूट घालत असतो आणि ती माझ्या पाठीमागे उभी राहून म्हणते, "निघालास दुकानी? बरं वाटेल हो त्यांना." वाटलं असतं असं नाही म्हणत, वाटेल. पूर्वी मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. पण त्या टेबलाशी बसल्या बसल्या मला कळलं की ते वाक्य ऐकल्याशिवाय मी एकदाही घराबाहेर पडलेलो नाही. आई आजारी होती त्या काळातसुद्धा ते आतून, पलंगावरून यायचं. ताबा रोज सकाळी नव्याने बसवावा लागतो, आणि आईने एकही सकाळ चुकवलेली नाही. हे मनात आलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली, की आपल्या आईबद्दल आपण हे काय खेळातलं बोलतोय. म्हातारी बाई, मुलाच्या पाठीला चार गोड शब्द बोलते. पण लाज वाटली म्हणून विचार गेला नाही.

आणि बायकोला उत्तर द्यायचं होतं. ती पाणी तपासते, प्रयोगशाळेत. तिला दुसऱ्या शहरात वरची जागा मिळाली होती, धरणाजवळ, राहायला घरासकट. सोमवारी निघायचं. मुलीचं नाव तिकडच्या शाळेत घातलेलं होतं. ती मला म्हणाली होती, तिथे नकाशाचं काम आहे, धरणाच्या खात्यात माणसं हवीत, हात विसरत नाही. मी म्हणालो होतो, बघतो. आई आपल्याबरोबर येईल, ती म्हणाली. मी म्हणालो, बघतो. मला तिच्याबरोबर जायचं होतं. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण माझ्या वागण्यावरून तसं कुणाला वाटणार नाही: मला जायचंच होतं, इतकं की आंघोळ करताना मी त्या घराच्या खोल्या मनातल्या मनात लावायचो. पण दुकान बंद करायचं म्हटलं की डोळ्यांसमोर अर्धं शटर यायचं आणि त्याच्याखाली बाबांचे पाय. नुसते पाय, पॉलिश केलेल्या बुटांतले, गाडीकडे वळलेले.

"मोकळं करते," मी टेबलाशी म्हटलं. "हुकूमच काढून घेते." मास्तरने पेन्सिल खाली ठेवली. "नियम माहीत आहे ना? जो जवळ असेल त्याच्यावर उलटेल." "तुम्ही सगळे मागे व्हा," मी नर्सला आणि जाड्याला म्हटलं. "मी एकटी जवळ थांबते." नर्स म्हणाली, "वेडी आहेस का, तुझ्या त्या काडीपैलवान पोरीला एक फटका बसला तर ती संपली." "बसू दे." मग जे झालं ते अगदी थोडक्यात झालं. मास्तरने फासे टाकले, नावाड्याने शिष्येचा खांदा फोडला, ती पडली पण मेली नाही, आणि नर्सने मागून येऊन एका घावात त्याची हाडं मिठात मिळवली. "झालं समाधान?" ती म्हणाली. "एवढ्यासाठी अख्खी दुपार." पण माझं समाधान झालं होतं, खरोखर झालं होतं. माझा स्वतःचा खांदा दुखत असल्यासारखा वाटत होता आणि तो दुखणारा खांदा घेऊन मी कधी नव्हे तो लवकर उठलो. मला गणित सुटल्यासारखं वाटत होतं. मोकळं करता येतं. फक्त सगळ्यांत जवळ आपण उभं राहायचं आणि फटका खायचा.

घरी जाताना रस्ता नेहमीचाच होता, पण मी तो धावतपळत नाही तरी झपाझप कापला. चष्म्याचं दुकान, कुलपांचं दुकान, कुत्र्यांचा डॉक्टर, वळणावर आमचं बंद शटर. मी त्याच्याकडे पाहिलं आणि थांबलो नाही. वाटेत वाक्य तयार करत होतो. आई चिडेल, रडेल, बाबांचं नाव घेईल, अन्नावरून उठून जाईल, जे काय करेल ते करू दे. मी जय्यत तयारीत होतो. शरमेची गोष्ट म्हणजे मला थोडा उत्साहच आला होता.

आई जेवायच्या टेबलाशी बसून माझ्या सदऱ्याला बटण लावत होती. मुलगी आतल्या खोलीत तिची खेळणी खोक्यात भरत होती, मधूनच एकेकाला दटावत होती. मी बूटही न काढता म्हटलं, "आई, मी दुकान बंद करतोय. कायमचं. आपण सगळे सोमवारी हिच्याबरोबर जातोय, तू पण." आईने दोरा दाताने तोडला. तिचे दात माझ्या हातचे आहेत, मी केलेल्या कवळ्यांपैकी सगळ्यांत सुबक. मी वाट बघत राहिलो. अंग घट्ट करून, खांदे वर करून. "बाबांनी जे सांगितलं होतं ते—" मी सुरू केलं. "काय सांगितलं होतं त्यांनी?" आईने विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं. मी तिला कधी सांगितलंच नव्हतं, ती तेव्हा गाडीत बसलेली होती. मी सांगितलं. तिने सदरा घडी करून मांडीवर ठेवला. "अरे, ते तर दुकान विकायला निघाले होते," ती म्हणाली. "त्यांना कंटाळा आला होता त्या दातांचा. तूच सकाळी उठून जायला लागलास. मला वाटलं, तुला आवडतं. मग मीही लवकर उठायला लागले. डबा करायचा, तुला हुरूप यावा म्हणून त्यांचं नाव घ्यायचं, दारापर्यंत पोचवायचं. त्यानेच तर मी उभी राहिले." मग ती माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात, उद्या भाजी काय आणू असं विचारावं तशी म्हणाली, "तू नाही गेलास दुकानी, तर मी सकाळी उठू कशाला?"

मी फटक्यासाठी थांबलो होतो आणि फटका आलाच नाही. तिने रागवावं, रडावं, काहीतरी फेकावं असं मला इतकं वाटत होतं. ती नुसती बसून होती, सुई कुठे खोचावी ते शोधत. मला वाटत होतं मला कुणीतरी उभं करून ठेवलंय. मीच कुणाला तरी उभं करून ठेवलंय, तेही रोज सकाळी न चुकता बूट घालून, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आणि वर म्हणे मी या खेळातला जाणकार! "तिकडेही सकाळ होते, आई," मी म्हटलं. ते माझं मलाच ऐकायला वाईट वाटलं. तिने मान डोलावली, बरं म्हणाली, आणि सदरा घेऊन तिच्या खोलीत गेली. तिथे दिवा लागला नाही.

मी स्वयंपाकघरात गेलो. बायको भांडी पुसत होती. तिने सगळं ऐकलं होतं, घर एवढंसंच आहे. "केलं मी," मी म्हटलं, "सांगून टाकलं. आपण जातोय." तिने ताट फळीवर ठेवलं, दुसरं घेतलं. "तिकिटं दोनच आहेत," ती म्हणाली. मला कळलं नाही. "माझं आणि पोरीचं. महिना झाला काढून." "मला विचारलं का नाहीस?" "विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास?" तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर मी त्याला धरून काही बोललो असतो. "अजून काढता येतील," ती म्हणाली. "तुझं आणि आईंचं. आत्ता इथे उभ्या उभ्या काढता येतील. काढू?" आणि फोन हातात घेऊन ती थांबली. नळाखालच्या भांड्यात थेंब पडत होता. आतून मुलगी कुणाला तरी दटावत म्हणत होती, तू शेवटी, तू शेवटी बसायचं. मला हो म्हणायचं होतं. शपथेवर सांगतो, हो माझ्या ओठांवर होतं. पण तिकिटं दोनच आहेत हे कळलं त्या क्षणी, सगळ्याच्या आधी, मला हायसं वाटून गेलं होतं. खांदे आपोआप खाली आले होते आणि मानेतली गाठ सैल झाली होती. एक क्षणभरच. पण बायको माझ्यासमोर उभी होती, आणि तिने ते पाहिलं होतं. तिने फोन उपडा करून ओट्यावर ठेवला आणि पुन्हा ताट पुसायला घेतलं.